गच्ची आधी स्वतःची करा, गिऱ्हाईकाची पुढच्या वर्षी



वॉटरप्रूफिंगवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, दोन दिवसांचं ट्रेनिंग केलंय, आता काम घेऊ का?" "सर, मे महिन्यात आमच्याकडे ऑर्डरींचा पाऊस पडतो, नोकरी सोडून उतरू का?" एकाने तर थेट विचारलं, "दहा वर्षांची गॅरंटी द्यायची की पाच?"

माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडणार नाही. घराच्या बाहेरच्या कामांचा धंदा करायचा असेल, म्हणजे गच्ची, बाहेरचा रंग, भेगा, पत्रे, कौलं, तर पहिलं काम स्वतःच्या घरावर करा. स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या खिशातून. मग त्यावरून एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. दुसऱ्याच्या गच्चीचे पैसे त्यानंतर.

आम्ही ट्रेनर लोक नेहमी उलटं सांगतो हे मला माहीत आहे. "आजच सुरुवात करा!" वडापावच्या गाडीला ते लागू पडतं. आज वडा बिघडला तर आजच कळतं, उद्या पीठ सुधारता येतं. गच्चीचं तसं नाही. एप्रिलमध्ये केलेलं काम चुकलं की बरोबर होतं ते जुलैत कळतं, आणि तोपर्यंत तुम्ही तीच चूक आणखी आठ गच्च्यांवर करून बसलेले असता. आठही घरांतले फोन एकाच रात्री येतात. कारण पाऊस सगळीकडे एकदमच पडतो ना!

हे मला कसं माहीत, ते सांगतो.

२०११ साली मी नुकतीच नोकरी सोडली होती. ओळखीच्या एका काकांची साडेसहाशे फुटांची गच्ची मिळाली. तीस रुपये फूट, म्हणजे साडेएकोणीस हजार. माझ्यासाठी तेव्हा ती मोठीच रक्कम होती. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. दोन दिवस आधी वळवाचा एक सडाका येऊन गेलेला. वरून ऊन कडक, कोबा पांढराशुभ्र वाळलेला दिसतोय. मी झाडून घेतलं, पाण्याने धुतलं, दुपारपर्यंत वाळू दिलं आणि कोटिंगचे दोन हात मारून मोकळा झालो. फोटो काढले. काय चकचकीत दिसत होती गच्ची! तेच फोटो दाखवून आणखी दोन कामं घेतली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. ओरडले वगैरे नाहीत. "वेळ मिळाला की जरा येऊन बघून जा," एवढंच म्हणाले. गेलो. कोटिंगवर पुऱ्यांएवढे फुगे आले होते. एक फोडला तर आतून पाणीच आलं. खालच्या खोलीत गव्हाची पोती होती, त्यातली दोन भिजली होती. काकूंनी उरलेली ओढून स्वयंपाकघरात आणली होती आणि त्यांच्या मधून वाट काढत त्यांनी मला चहा आणून दिला. तो चहा अजून आठवतो. बारा हजार रुपये परत केले, तेही तीन हप्त्यांत, कारण बाकीचे खर्च झाले होते.

चूक काय झाली हे शोधायला मला पुढचं वर्ष लागलं, आणि ते मी आमच्या स्वतःच्या गच्चीवर शोधलं.

पहिली गोष्ट, कोबा वरून वाळलेला दिसतो म्हणजे आतून वाळलेला असतो असं नाही. विटांच्या तुकड्यांचा कोबा पाणी पिऊन बसतो. वरून तुम्ही रबरासारखा थर दिला की आतल्या ओलीला बाहेर पडायला जागा उरत नाही. मग उन्हाने वाफ होते आणि ती थर उचलते. हे तपासायची एक अगदी फुकटातली पद्धत आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा कागद घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून गच्चीवर घट्ट बसवा आणि किमान सोळा तास, म्हणजे संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, तसाच ठेवा. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालची जागा काळपट झाली, तर ब्रश हातात घ्यायचा नाही. एका जागी करून भागत नाही, चार-पाच ठिकाणी करा, त्यातला एक कोपरा कायम सावलीतला हवा.

दुसरी गोष्ट, पाणी जायची वाट. काकांच्या गच्चीवरच्या पाईपचं तोंड कोब्यापेक्षा इंचभर वर होतं. बांधतानाच तसं राहिलेलं. म्हणजे गच्चीवर इंचभर पाणी साठल्याशिवाय थेंबही खाली उतरत नव्हता. हे इतकं साधं होतं आणि मला दिसलं नाही, कारण मी गच्ची कोरडी असतानाच बघितली होती. गच्चीचा उतार साधारण शंभराला एक असावा लागतो, म्हणजे मीटरला एक सेंटीमीटर, आपल्या भाषेत आठ फुटांना इंचभर. गवंड्याकडची पाणी भरलेली लेव्हलची नळी घ्या आणि स्वतः मोजा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

तिसरी, वाटा. कठडा आणि स्लॅब जिथे काटकोनात मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर उतार भरतात, गवंडी त्याला वाटा म्हणतात. तो नसेल किंवा सुटला असेल तर वर कितीही महागडं कोटिंग मारा, त्या कोपऱ्यात ते ताणलं जाऊन चिरतंच. आणि पाणी बरोबर तिथेच शोधत येतं.

आता मी आमच्या सातशे फुटांच्या गच्चीवर काय केलं ते दिवसांच्या हिशेबात सांगतो. रुपयांत सांगत नाही, भाव दर सीझनला बदलतात, दिवस बदलत नाहीत. शेवाळ तारेच्या ब्रशने घासणं आणि अख्खा कोबा हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकत पोकळ बोलणाऱ्या जागा खडूने आखणं, दोन दिवस. पोकळ भाग फोडून परत भरणं आणि प्रत्येक भेग इंग्रजी व्हीसारखी रुंद करून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने बुजवणं, आणखी दोन दिवस. वाटा, पाईपांच्या कडा आणि पाण्याचं तोंड खाली घेणं, दीड दिवस. मग आठवडाभर नुसतं सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं. मग वाळू देणं, आणि प्लास्टिकची टेस्ट पास झाल्यावर प्रायमर आणि कोटिंगचे तीन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा, कोपऱ्यांत आणि भेगांवर फायबरची जाळी दाबून. यालाही दोन दिवस. मारायचं ते सकाळी लवकर नाहीतर चारनंतर. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर हात मारला की वरची साय आधी वाळते आणि आतलं ओलंच राहतं.

म्हणजे साडेसात दिवसांच्या मेहनतीत बादली आणि ब्रश फक्त दोन दिवस. बाकीचे साडेपाच दिवस जे काम झालं ते शेवटी कोटिंगखाली झाकलं गेलं. गिऱ्हाईकाला ते कधीच दिसत नाही, फोटोतही येत नाही. म्हणूनच तर नवा माणूस तिथेच हात मारतो. दर कमी करायचा झाला की तो मटेरियल कमी करत नाही, कारण डबे गिऱ्हाईक मोजतं. तो दिवस कमी करतो.

स्वतःच्या घरावर केल्याशिवाय हा हिशेब अंगात मुरत नाही. मी दोन दिवस गुडघ्यावर बसून घासलंय म्हणून आज कोणी "एका दिवसात गच्ची करून देतो" म्हणाला की मला कळतं की हा काय वगळणार आहे.

टेस्टिंगचं एक. काम झालं, आठवडाभर कोटिंग मुरलं, की पाण्याची वाट बंद करून गच्चीवर पाणी साठवायचं आणि दोन दिवस खालून छत बघायचं, ही खरी परीक्षा. पण डोकं वापरून करा. सातशे फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे सव्वातीन हजार लिटर, वजन सव्वातीन टन. एप्रिलमध्ये एवढं पाणी आणणार कुठून? आणि जुन्या, कमजोर स्लॅबवर एवढं वजन टाकणार? विटा आणि मातीचा बांध घालून एकेक भाग भरा, तेच पाणी पुढच्या भागात सोडा, शेवटी झाडांना द्या. स्लॅबच्या तब्येतीची शंका असेल तर ही टेस्ट करूच नका, आधी इंजिनिअरला दाखवा.

मग पाऊस आला

एवढं सगळं करून आमचं घर गळलंच! पहिल्या मोठ्या पावसात जिन्याशेजारच्या भिंतीला ओल आली. मी चक्रावलो. छत्री घेऊन वर जाऊन उभा राहिलो, तासभर. गच्चीवर पाणी कुठेही थांबत नव्हतं, मस्त वाहून जात होतं. ओल येत होती कठड्याच्या वरच्या पट्टीतून. तिथे प्लास्टरला केसाएवढी भेग होती आणि पाणी कठड्याच्या पोटातून खाली उतरत होतं. नंतर आणखी एक जागा सापडली, डिश अँटेनाचे चार बोल्ट. कधीतरी कोणीतरी कोब्यात भोकं पाडून ठोकलेले.

पाणी आत शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे, हे वाक्य ट्रेनिंगमध्ये मीही ऐकलं होतं. पण जिथे ओल दिसते तिथून दहा फुटांवरचा बोल्ट दोषी असतो, हे छत्रीखाली उभं राहिल्यावर कळलं. पावसात गच्चीवर घालवलेला तो एक तास मला त्या ट्रेनिंगपेक्षा जास्त देऊन गेला. तेव्हापासून एक वही ठेवली. कोणत्या दिवशी किती वेळ पाऊस, वारा कुठून, ओल कुठे, किती वेळाने दिसली. तुम्हीही ठेवा. पुढच्या वर्षी गिऱ्हाईकाला तीच वही दाखवा, चकचकीत फोटोंपेक्षा ती जास्त कामं देते.

रंगाचं थोडक्यात सांगतो, कारण तत्त्व तेच. बाहेरच्या भिंतीवर तळहात घासा. पांढरी पावडर हाताला लागली तर त्यावर नवा रंग टिकणार नाही, आधी खरवडणं, धुणं, प्रायमर. नवीन प्लास्टरला साधारण २८ दिवस द्या. भिंतीला लोणा फुटला असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, नाहीतर रंगाचे पापुद्रे सुटून पुढच्या वर्षी तुम्हीच परत खरवडत बसाल. आतल्या कामाचं पीओपी बाहेर वापरू नका. भेगेत पिंपळ उगवला असेल तर वरून तोडून उपयोग नाही, मुळासकट काढा. डब्यावरचं कव्हरेज गुळगुळीत भिंतीचं असतं, तुमच्या खडबडीत भिंतीला जास्तच लागेल. किती जास्त, ते स्वतःच्या भिंतीवर डबे रिकामे करून लिहून ठेवा. कोटेशन त्यावरून निघतं.

कोकणातल्या मित्रांचं गणित वेगळं आहे. तिथे कौलांची शाकारणी आणि पत्र्यांची कामं जास्त. शाकारणी येणारी माणसं आता गावात शोधावी लागतात, जी आहेत ती वयस्कर आहेत. त्यांच्या हाताखाली एक सीझन काढा, मजुरी न बघता. पत्र्याला बोल्ट नेहमी उंचवट्यावर, पन्हळीत कधीच नाही. आणि जुने वॉशर कडक झाले की बदलायचे. अर्धी गळती तिथेच थांबते.

कुठे हात लावायचा नाही

स्वतः करा म्हणतोय म्हणजे सगळंच स्वतः करा असं नाही. छताचं काँक्रीट सुटून सळई दिसत असेल, बीम किंवा कॉलमला भेग असेल, तर ते रंगाचं किंवा कोटिंगचं काम नाही. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. त्यावर पुट्टी भरून देणं म्हणजे रोग झाकणं. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि तुम्ही नम्रपणे बाजूला. असं काम नाकारल्याने गिऱ्हाईक तुटत नाही, उलट पुढच्या वेळी तुम्हालाच बोलावतं.

उंचीचंही तसंच. शिडी लावायची तर चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर, आणि खाली एक माणूस धरायला. भिंतीलगतची विजेची वायर आधी बघा. तळमजला, फार तर पहिला मजला. त्याच्यावर परांची आणि हार्नेस लागतो, त्याची शिकलेली माणसं लागतात. झुल्यावर बसून रंग देणारा माणूस दिसतो सोपा, पण तो तिथे कित्येक वर्षांनी पोहोचलेला असतो.

आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनो, बाहेरची भिंत तुमची नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि पावसाची गळती ही सोसायटीची जबाबदारी आहे, आणि १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुनीचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. परस्पर भिंतीवर काही करू नका. सराव करायचा तर गावाकडच्या घरावर करा, किंवा सासुरवाडीच्या. (सासऱ्यांना आधी विचारा.)

"सर, मग वर्षभर खायचं काय?"

रास्त प्रश्न आहे. नोकरी असेल तर सोडू नका, हे पहिलं. नसेल तर त्या वर्षात जी कामं चुकली तरी घर बुडत नाही ती करा. पावसाळ्याआधी गच्ची साफ करणं, पाण्याच्या तोंडावर जाळी बसवणं, टाकी धुणं, पत्र्याचे वॉशर बदलणं, कठड्यावरची रोपं काढणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाहणी. गच्ची बघून, ठोकून, उतार मोजून, दोन पानांचा लेखी रिपोर्ट द्या आणि त्याचे पैसे घ्या. थोडे घ्या, पण घ्या. फुकट पाहणी करणारा माणूस शेवटी कोटिंग विकूनच उठतो, हे गिऱ्हाईकालाही माहीत असतं.

कर्जाचं म्हणाल तर मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत मिळतं. पण माझ्या मते पहिल्या वर्षी घेऊ नका. तारेचा ब्रश, थापी, हातोडी, नळी, चांगली शिडी यांना कर्ज कशाला? उद्यम नोंदणी मात्र करून टाका, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, त्यासाठी कुणा एजंटाला पैसे देऊ नका.

गॅरंटीबद्दल ज्याने विचारलं होतं त्याला सांगतो. डब्यावरची वर्षं कंपनीच्या मालाची असतात, तुमच्या हाताची नसतात. ज्याने स्वतःच्या कामावरून एकही पावसाळा जाताना पाहिला नाही, त्याने दहा वर्षं कशाच्या जोरावर लिहायची? मी आजही दोन पावसाळे लिहून देतो आणि पहिल्या मोठ्या पावसात न बोलावता एक चक्कर मारतो. कोटेशनमध्ये ती चक्कर लिहिलेली असते. त्या ओळीवर मला आजवर जितकी कामं मिळाली तितकी कुठल्याच जाहिरातीने दिली नाहीत.

तारखांचं मात्र पक्कं धरा. मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन धडकला. म्हणजे जूनच्या भरवशावर आखलेल्या वेळापत्रकातले पंधरा दिवस एका सकाळी गेले. दिवाळीनंतर पाहणी, जानेवारी-फेब्रुवारीत फोडाफोड आणि भराई, एप्रिलअखेर कोटिंग संपलेलं. मे महिना टेस्टिंगसाठी आणि राहिलेल्या चुकांसाठी. मेमध्ये येणारी "अर्जंट" कामं नाकारायला जीवावर येतं, पण त्यातलीच बरीच कामं जुलैत फोन होऊन परत येतात.

काकांची गच्ची नंतर मीच केली, २०१४ साली. पूर्ण फोडून, पाण्याचं तोंड दीड इंच खाली घेऊन. मी पैसे घेणार नव्हतो, त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, "फुकट केलंस तर पाऊस आला की परत तुला कसा बोलावू?"

पुढच्या व्हिडिओत पाहणीचा दोन पानी रिपोर्ट कसा लिहायचा ते ओळीनिशी दाखवणार आहे. त्याआधी एक काम करा. आज संध्याकाळी वर जा, पाईपचं तोंड कोब्याच्या वर आहे की खाली ते बघा, आणि बादलीभर पाणी ओतून ते जायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा.